विमान चढतं तेव्हा लिफ्ट वजनापेक्षा कमी असते

तिरपा बाण

चार बाणांचं ते चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. मधोमध विमान, वर लिफ्ट (हवेने दिलेली उचल), खाली वजन, पुढे थ्रस्ट (इंजिनांचा रेटा), मागे ड्रॅग (हवेचा अडथळा). चित्राखाली बहुतेक वेळा एक ओळ असते: लिफ्ट वजनापेक्षा जास्त झाली की विमान चढतं, कमी झाली की उतरतं. चित्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या ओळीबद्दल आहे, कारण ती सपशेल चूक असूनही वर्षानुवर्षं छापली जाते.

ठरावीक वेगाने, ठरावीक कोनात चढत असलेल्या विमानावरची लिफ्ट त्याच्या वजनापेक्षा कमी असते. तसंच उतरणाऱ्या विमानावरचीही कमीच असते. दोन्ही बाण सारखे होतात ते फक्त सपाट उड्डाणात. हे ऐकून बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून नीट उलगडून लिहितो.

आधी न्यूटन. वेग बदलत नाही, दिशाही बदलत नाही, तर सगळ्या बलांची बेरीज शून्य. मग विमान सपाट जात असो की चढत असो. मिनिटाला २,५०० फूट दराने विमान चढतंय आणि तो दर टिकून आहे, म्हणजे वरच्या दिशेने त्वरण नाही. त्वरण नाही तर वरच्या दिशेने शिल्लक बलही नाही. वर जायचं तर वरचं बल सतत जास्तच हवं असं आपल्याला वाटतं खरं, पण ते अ‍ॅरिस्टॉटलच्या काळातलं वाटणं आहे.

मग सारखी का नाही, कमी का? कारण लिफ्टचा बाण नेहमी सरळ वर नसतो. हवा विमानावर जे बल लावते त्याचे आपण हिशेबासाठी दोन वाटे करतो. विमान हवेतून ज्या वाटेने चाललंय तिला काटकोनात असलेला वाटा लिफ्ट, आणि त्याच वाटेवर उलट्या दिशेचा वाटा ड्रॅग. वाट सपाट असेल तर लिफ्ट सरळ वर. वाट चढाची झाली की लिफ्टचा बाण तेवढाच मागे कलतो. वजन मात्र आपलं सरळ खाली.

चढावर लागलेल्या भरलेल्या ट्रकचं असंच असतं. रस्ता त्याला टेकू देतो तो रस्त्याला काटकोनात, आणि तो टेकू ट्रकच्या वजनापेक्षा कमी भरतो. उरलेला हिस्सा इंजिनाच्या गळ्यात पडतो. म्हणून तर गिअर बदलावा लागतो.

आता आकडे घालू. एअरबस ए-३२०च्या वर्गातलं ७० टनांचं विमान घ्या, उड्डाणानंतर ८ अंशांच्या वाटेने चढणारं. ८ अंशांचा कोसाइन ०.९९०, म्हणजे लिफ्ट हवी ६९.३ टन. सुमारे ७०० किलो कमी. साइन ०.१३९, म्हणजे वजनाचा ९.७ टनांचा वाटा विमानाला वाटेवरून मागे खेचतोय. त्यात फ्लॅप (कमी वेगात जास्त लिफ्ट मिळावी म्हणून पंखाच्या मागच्या कडेला बाहेर काढतात त्या पट्ट्या) बाहेर असतानाचा ड्रॅग, समजा ६ टन. म्हणजे इंजिनांनी मिळून पंधरा-सोळा टन थ्रस्ट द्यायला हवा. (टन म्हणजे इथे टनभर वजनाइतकं बल. भौतिकीच्या मास्तरांनी रागावू नये.) या वर्गातलं एक इंजिन जमिनीवर उभ्या विमानात साधारण १२ टन थ्रस्ट देतं. दोन मिळून २४, आणि वेग वाढला की त्यात घट. हिशेब बसतो.

म्हणजे चढाचा कोन ठरवतं कोण? थ्रस्टमधून ड्रॅग वजा करा, उरेल त्याला वजनाने भागा. आला कोनाचा साइन. या सूत्रात लिफ्ट कुठेच नाही!

दुसरी गंमत त्या २४ टनांत आहे. ७० टनांचं धूड, आणि इंजिनांचा सगळा जोर वजनाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा. सपाट उड्डाणात तर त्याहून कितीतरी कमी पुरतो. चांगल्या प्रवासी विमानाचं लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर १७ ते २०च्या आसपास असतं, म्हणजे ७० टन तोलून धरायला चारेक टन रेटा बास. वजन पेलायचं काम एकाकडे आणि पुढे ढकलायचं दुसऱ्याकडे ही कल्पना पहिल्यांदा स्पष्ट मांडली जॉर्ज केली यांनी. १७९९ साली त्यांनी चांदीच्या एका छोट्या चकतीवर एका बाजूला बलांची ही विभागणी कोरली आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पंखांच्या विमानाचं चित्र. तोवर उडायचं म्हणजे पंख फडफडवायचे, एकाच अवयवाने दोन्ही कामं करायची, असाच सगळ्यांचा खटाटोप होता. ही चकती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

शंका, आक्षेप, भांडणं, सगळ्याचं स्वागत.

निळावंती

छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. पण विमान जमीन सोडतं तेव्हा आपण खुर्चीत दाबले जातो त्याचं काय? तेव्हा तरी लिफ्ट जास्त असणारच ना?

आणि त्यानंतर मिनिटभराने पोटात जो गोळा येतो, विमान खाली चाललंय असं वाटतं, तेही सांगा. मी दरवेळी हात घट्ट धरून बसते.

तिरपा बाण

@निळावंती, जमीन सोडताना जास्त असतेच. वाट शून्य अंशांवरून ८ अंशांवर वळते तेव्हा दिशा बदलते, आणि दिशा बदलायची तर शिल्लक बल लागतंच. ताशी २७० किलोमीटर वेग आणि हे वळण पाच-सहा सेकंदांत, असं धरलं तर लिफ्ट वजनापेक्षा १५ ते २० टक्क्यांनी जास्त येते. ती तेवढ्यापुरतीच. वाट सरळ झाली की जादा लिफ्टचं काम संपलं.

पोटातला गोळा हा त्याच्या बरोबर उलट. ठरावीक उंची गाठली की वैमानिक थ्रस्ट कमी करतात, वेग वाढवायला नाक थोडं खाली घेतात, फ्लॅप आत ओढतात. चढ ८ अंशांवरून ४ वर आला समजा. विमान तेव्हाही वरच चाललेलं असतं, पण वाट खालच्या बाजूला वाकतेय, त्यामुळे काही सेकंद लिफ्ट नेहमीपेक्षा कमी. आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला वेग कळत नाही, तिला फक्त त्वरण कळतं. चढाचा दर घटला की ती बिनदिक्कत सांगते 'पडतोय'. त्यात इंजिनाचा आवाज उतरतो, म्हणजे भीतीला कानांचीही साक्ष मिळते. पुढच्या वेळी समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा दिसत असेल तर त्याच क्षणी बघा. तो वाढतच असतो.

शंकासूर

सूत्रात लिफ्ट नाही म्हणता. मग लिफ्ट शून्य केली तरी विमान चढेल काय? उगाच आपलं काहीतरी.

आडवाटेचा

@शंकासूर, चढतं की! तुम्ही थट्टेत विचारलंत, पण ठरवून तसं करणारं विमान आहे. फ्रान्समध्ये एक ए-३१० आहे, खास वजनहीनतेच्या प्रयोगांसाठी. आधी वेग घेऊन नाक जोरात वर ओढतात. त्या काही सेकंदांत आतल्या माणसांना स्वतःचं वजन पावणेदोनपटीहून थोडं जास्त जाणवतं, १.८ जी. नाक साधारण ५० अंशांपर्यंत गेलं की पंखाचा हवेशी असलेला कोन इतका कमी करतात की लिफ्ट शून्यावर येते, आणि थ्रस्ट ड्रॅगपुरताच ठेवतात. मग विमानावर उरतं एकटं वजन. फेकलेल्या दगडासारखी त्याची वाट होते आणि साधारण २२ सेकंद आतले सगळे तरंगतात.

या २२ सेकंदांपैकी पहिले ११ सेकंद विमान वर जात असतं. लिफ्ट शून्य! सुरुवातीचा वर जाण्याचा वेग धरून हिशेब केला तर त्या ११ सेकंदांत जवळपास ६०० मीटर उंची वाढते.

आता हे 'ठरावीक वेगाने' चढणं नव्हे, वेग सेकंदासेकंदाला घटतोय; तिरपा बाण यांची अट इथे लागू नाही. पण 'वर जातंय म्हणून लिफ्ट जास्त' या समजुतीला यापेक्षा सणसणीत उत्तर माझ्याकडे नाही. टिकाऊ चढ बघायचा असेल तर थ्रस्ट वजनापेक्षा जास्त असलेली लढाऊ विमानं नाक सरळ वर करून चढतात ते बघा. तिथेही पंख रिकामेच.

जुना मास्तर

मास्तर लोक रागावले नाहीत, निश्चिंत असा.

पण एक गोष्ट धाग्यात येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच येऊन बसतो: 'पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता, तिला खालच्या हवेबरोबर मागे पोचायचं असतं म्हणून ती पळते.'

कागदी विमान

मास्तर, हेच तर लिहायला आलो होतो! शाळेत हेच शिकवलं आम्हाला. बर्नुलीचं तत्त्व, हवा पळाली की तिचा दाब कमी. मग काय, तेही चूक?

जुना मास्तर

बर्नुली बिचारा बरोबर आहे. 'बरोबर पोचायचं असतं' हे चूक. हवेच्या दोन कणांत असा काही करार झालेला नाही. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी वातबोगद्यात पंखावरून धुराचे तुटक पट्टे सोडून दाखवलंय: वरून गेलेला धूर खालच्याच्या कितीतरी आधी मागच्या कडेला पोचतो. शिवाय एरोबॅटिक, म्हणजे हवेत कसरती करणाऱ्या, विमानांचे पंख वरून-खालून सारखेच असतात आणि ती विमानं उलटीही उडतात. फुगीरपणावरच सगळं असतं तर ती उलटी झाल्याझाल्या खाली यायला हवीत.

पंख हवेशी थोडा तिरका असतो. हवा त्याच्या पृष्ठभागाला धरून वाकते आणि मागच्या कडेवरून खालच्या दिशेने निघते. हवेला खाली ढकललं, तिने पंखाला वर ढकललं. हा झाला न्यूटन. तीच हवा वाकताना पंखाच्या वर दाब कमी होतो, खाली थोडा वाढतो, आणि तो फरक पूर्ण पंखभर मोजला तर तेवढीच लिफ्ट येते. हा झाला बर्नुली. एकाच घटनेचे दोन हिशेब आहेत. 'न्यूटन की बर्नुली' म्हणून लोक हमरीतुमरीवर येतात तेव्हा मला गंमत वाटते.

मुलांना मात्र मी दाबाचा आकडा आवर्जून काढायला लावतो. ए-३२०च्या पंखाचं क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर. ७० टन त्यावर वाटा: चौरस मीटरला ५७० किलोच्या आसपास. ऐकायला प्रचंड, पण समुद्रसपाटीवर हवेचा दाब चौरस मीटरला दहा टनांहून जास्त असतो. म्हणजे वर-खाली सरासरी साडेपाच टक्क्यांचा फरक पडला की झालं, विमान तरंगलं. वर ११ किलोमीटरवर मूळ दाबच घटून साधारण २२ टक्के राहतो, तिथे तोच फरक त्या दाबाच्या पाव हिश्शाएवढा होतो. विरळ हवेत पंखाला किती राबावं लागतं ते यावरून कळतं.

शंकासूर

बरं. पण उतरतानाही लिफ्ट कमी म्हणता, आणि इंजिन बंद पडलं तर थ्रस्ट शून्य. मग पुढे कोण नेतं?

आडवाटेचा

वजन. वाट उताराची झाली की वजनाचा एक वाटा वाटेच्या दिशेने पुढे येतो आणि तो ड्रॅगला तोलतो. उतरणीचा कोन ठरवतं एकटं लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर. १७ असेल तर १ किलोमीटर उंची खर्चून १७ किलोमीटर पुढे, कोन साधारण ३.४ अंश. वजन कितीही असो, कोन तोच. जड विमान त्याच कोनात नुसतं जास्त वेगाने उतरतं. स्पर्धेची ग्लायडर पोटात पाणी भरून उडतात ती यासाठीच.

२४ ऑगस्ट २००१. एअर ट्रान्झॅटचं ए-३३०, अटलांटिकवर इंधनगळती, दोन्ही इंजिनं बंद. दुसरं बंद पडलं तेव्हा विमान ३४,५०० फुटांवर होतं आणि अझोरेस बेटांवरचा लाजेसचा तळ सुमारे १२० किलोमीटर लांब. १९ मिनिटं ते नुसतं तरंगत गेलं. आणि पोचलं ते गरजेपेक्षा जास्त उंचीवर! उंची घालवायला वैमानिकांना एक पूर्ण गोल घ्यावा लागला. ३०६ जण होते, सगळे वाचले. टायर मात्र फुटले.

तिरपा बाण

वा! यात एक बारीक गोष्ट जोडतो. उतरताना लिफ्टचा बाण पुढे कलतो आणि ड्रॅगचा बाण थोडा वर वळतो. म्हणजे वजनातला जो हिस्सा लिफ्ट पेलत नाही तो ड्रॅग पेलतो. आपल्या ७० टनांच्या विमानाला ३.४ अंशांवर लिफ्टचा सरळ वरचा वाटा ६९.७६ टन आणि ड्रॅगचा ०.२४. ज्याला आपण कायम शिव्या घालतो तो ड्रॅग अडीचशे किलो उचलून धरतोय.

खिडकीची जागा

मला वळणाची भीती वाटते. पंख खाली जातो, खिडकीतून थेट जमीन दिसते. घसरत का नाही?

गुरुत्वमध्य

कारण तो कल हेच वळण्याचं साधन आहे. विमानाला रस्ता नाही, चाकांचं घर्षण नाही. बाजूला ढकलणार कोण? लिफ्टलाच बाजूला कलवायचं. कलवली की तिचा आडवा वाटा विमानाला वळवतो. उभा वाटा मात्र घटतो, म्हणून एकूण लिफ्ट वाढवावी लागते: वजन भागिले कलाच्या कोनाचा कोसाइन. प्रवासी विमान सहसा २५-३० अंशांच्या पुढे कलत नाही. ३० अंशांना लिफ्ट वजनाच्या १.१५ पट, ४५ला १.४१ पट आणि ६०ला थेट दुप्पट.

म्हणजे विमान वर जात नसतानाही लिफ्ट वजनाच्या दुप्पट असू शकते. त्या छापील ओळीची दुसरी बाजूही गेली.

खिडकीकडे बघायची भीती वाटते ना, मग समोरच्या पेल्यातल्या पाण्याकडे बघा. वळण नीट घेतलं असेल तर पाणी पेल्याच्या तळाला समांतर राहतं, जमिनीला नाही. बॉब हूव्हर हे अमेरिकन वैमानिक पूर्ण कोलांटी घेत असताना एका हाताने ग्लासात चहा ओतून दाखवायचे, थेंब सांडत नसे.

कागदी विमान

अहो पण पाण्याला केंद्रोत्सारी बल बाहेर ढकलतं म्हणून ते तसं राहतं ना? तुम्ही केंद्रोत्सारीचं नावच घेतलं नाहीत.

गुरुत्वमध्य

घेतलं नाही कारण मी जमिनीवर उभा राहून हिशेब मांडतोय. तुम्ही विमानात बसून मांडा, तुम्हाला ते घ्यावं लागेल. उत्तर एकच येईल. एकाच हिशेबात दोन्ही घुसडलं की मात्र घोळ होतो: आडवी लिफ्ट आणि केंद्रोत्सारी बल एकमेकांना रद्द करतात, मग विमान वळतं कशाने?

शंकासूर

दुसरा प्रश्न. ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणतात. मग विमानं हळू का उडवत नाहीत? इंधन वाचेल की.

आडवाटेचा

एका मर्यादेपर्यंत वाचतं. त्या वेगाच्या खाली गेलात की उलटं होतं, हळू जायला जास्त जोर लागतो.

ड्रॅग दोन जातींचा. एक हवेच्या घासण्याचा आणि आकाराचा. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. दुसरा लिफ्टची किंमत म्हणून येतो. पंखाच्या टोकाशी खालची जास्त दाबाची हवा वरच्या बाजूला वळसा घेते, भोवरे तयार होतात, त्यांना लागणारी ऊर्जा विमानाच्याच खिशातून जाते. याला इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात. वेग कमी केला तर तेवढीच लिफ्ट मिळवायला पंख जास्त तिरका धरावा लागतो, भोवरे जोरकस होतात आणि हा ड्रॅग वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. दोन्ही जाती समसमान होतात त्या वेगाला एकूण ड्रॅग सगळ्यात कमी.

ग्लायडरचे पंख लांब आणि अरुंद, प्रवासी विमानांच्या पंखांची टोकं वर वळवलेली, ते या भोवऱ्यांवरचे उपाय. उतरायच्या तयारीतलं विमान बऱ्याचदा त्या सगळ्यात कमी ड्रॅगच्या वेगाच्या आसपास किंवा खाली असतं. तिथे वेग थोडा घसरला की ड्रॅग वाढतो, त्याने वेग आणखी घसरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात इंजिनांचा आवाज सारखा कमी-जास्त होताना ऐकू येतो. घाबरायचं कारण नाही. थ्रस्टची बारीक दुरुस्ती चालू असते.

गुरुत्वमध्य

धागाकर्त्याला एक टोचणी. 'सपाट उड्डाणात लिफ्ट वजनाएवढी' हे पूर्ण विमानाबद्दल खरं. पंखाबद्दल नाही.

स्थिरतेसाठी नेहमीच्या रचनेच्या विमानाचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू) पंखाच्या लिफ्टच्या थोडा पुढे ठेवतात. मग नाक खाली पडू बघतं. ते सावरायला शेपटीचा आडवा पंख खालच्या दिशेने दाबतो. म्हणजे शेपटी वजनाच्या बाजूने, आणि मुख्य पंखाने वजन अधिक शेपटीचा दाब असं दोन्ही पेलायचं. हा भुर्दंड कमी करायला ए-३३०मध्ये शेपटीत इंधनाची टाकी असते. गुरुत्वमध्य मागे सरकला की शेपटीला कमी दाबावं लागतं. काँकॉर्ड या प्रवासी विमानाला तर ध्वनीपेक्षा जास्त वेगाला लिफ्टचा केंद्रबिंदूच मागे सरकत असल्याने टनावारी इंधन मागे पंपाने ढकलावं लागायचं आणि वेग उतरताना परत पुढे आणावं लागायचं.

तिरपा बाण

टोचणी मान्य. मी सगळं विमान एक ठिपका धरून लिहिलं होतं. चार बाण एकाच बिंदूतून निघताना दाखवतात ना, त्या चित्राचा खरा लबाडपणा तिथे आहे.

निळावंती

मग नाक वर असणं आणि विमान वर जाणं यांचा संबंध काय? मी आतापर्यंत एकच समजत होते.

जुना मास्तर

@निळावंती, तीन कोन वेगळे ठेवा. नाक क्षितिजाशी किती वर, वाट क्षितिजाशी किती वर, आणि या दोहोंतला फरक. तो फरक म्हणजे अँगल ऑफ अटॅक, हवा पंखावर ज्या कोनात येते तो. उड्डाणानंतर नाक १५ अंश वर दिसलं तरी वाट ८च अंश असू शकते. अँगल ऑफ अटॅक ७. सपाट उड्डाणातही नाक दोनेक अंश वरच असतं.

पंखाला फक्त हा तिसरा कोन कळतो. तो साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला सोडून देते, लिफ्ट ढासळते आणि ड्रॅग उसळतो. हाच स्टॉल. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही.

एअर फ्रान्स ४४७ची दुर्घटना याच तीन कोनांची आहे. १ जून २००९, रिओहून पॅरिसला निघालेलं ए-३३०. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलं गेलं आणि विमान ३८,००० फुटांच्या आसपास स्टॉल झालं. शेवटच्या नोंदीत नाक क्षितिजाच्या १६ अंश वर, आणि उतरण्याचा दर मिनिटाला जवळपास ११,००० फूट. पुढे जाण्याचा वेग नि खाली येण्याचा वेग जवळजवळ सारखे, म्हणजे वाट सुमारे ४५ अंश खाली. पंखाला हवा समोरून कमी आणि खालूनच जास्त येत होती. इंजिनं दोन्ही चालू होती. २२८ माणसं गेली.

नाक खाली करून तो कोन घटवणं, एवढाच स्टॉलवरचा उपाय. पण स्टॉलचा इशारा वाजत असताना, अंधारात, भरवशाचा वेग समोर दिसत नसताना ते सुचणं सोपं नसतं. म्हणून त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात जास्त उंचीवरच्या स्टॉलवर बराच भर आला.

कागदी विमान

सुन्न करणारं आहे.

जरा विषयाला धरूनच एक बावळट प्रश्न. उडत असलेल्या विमानाचं वजन शेवटी पेलतं कोण? हवा म्हणाल, पण हवेला कोण धरतं?

जुना मास्तर

अजिबात बावळट नाही, वायुगतिकीचे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी हा हिशेब केलेला आहे. उत्तर: जमीन. पंखाने खाली ढकललेली हवा अखेर जमिनीवर किंचित जास्त दाब टाकते, आणि तो जादा दाब सगळ्या पृष्ठभागावर बेरीज केला की बरोबर विमानाच्या वजनाइतका भरतो. किंचित म्हणजे किती? ११ किलोमीटरवरच्या ७० टनांच्या विमानाच्या अगदी खाली हा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या अकरा कोटीव्या भागाएवढा येतो. कोणालाच कळत नाही, पण तो पसरतो शेकडो चौरस किलोमीटरांवर.

शंकासूर

उलट दिशेने फिरणाऱ्या पट्ट्यावर विमान ठेवलं तर ते उड…

आडवाटेचा

उडेल. थ्रस्ट हवेवर आहे, चाकांवर नाही. चाकं नुसती दुप्पट वेगाने फिरतील. यावर वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील.

खिडकीची जागा

वळणाची भीती बरीच कमी झाली, धन्यवाद. शेवटचं एक. चाकं टेकल्याटेकल्या पंखावरच्या पट्ट्या फटाफट वर उभ्या राहतात आणि पंखाच्या आतलं सगळं दिसायला लागतं. ते ब्रेक असतात का?

तिरपा बाण

ते स्पॉयलर. हवेला अडवतात, तेवढा ब्रेक आहेच, पण मुख्य काम लिफ्ट मारण्याचं. चाकं टेकली तरी वेग ताशी अडीचशेच्या आसपास असतो, पंख अजून वजनाचा बराच हिस्सा उचलून धरत असतो. चाकांवर वजनच नसेल तर ब्रेक दाबून टायर नुसते घसरणार. पट्ट्या उभ्या राहिल्या की लिफ्ट कोसळते, विमानाचा भार चाकांवर बसतो आणि मग ब्रेक पकडतात. चाकं फिरू लागली आणि चाकांच्या दांड्यांवर भार आला हे ओळखून ते आपोआप उघडतात; वैमानिकाने आधी तयारीत ठेवलेले असले म्हणजे झालं. टेकल्यावर पुन्हा उडायचं ठरलं तर थ्रस्टचे दांडे पुढे ढकलताच ते आपसूक मिटतात, कारण तेव्हा पंखाला ते सगळं वजन परत उचलायचं असतं.